आधी उत्तराची सोय, मग प्रश्न: ऊसतोडीच्या तळावर मुलांच्या मनाचं काम सुरू करताना

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले की सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात टोळ्या उतरतात. काही बीड-धाराशिवकडच्या, काही इथल्याच जत, आटपाडी, माण-खटावच्या. कारखान्याच्या तळावर नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या पडीक रानात कोप्या, म्हणजे पाचटाच्या-ताडपत्रीच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने मुलं तिथंच असतात. समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंगचे विद्यार्थी आणि संस्थांचे नवे कार्यकर्ते याच काळात प्रश्नावल्या घेऊन येतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. बालगृहात, वसतिगृहात, पूरग्रस्त गावात काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम उलटा लागतो. आधी प्रश्नावली ठरते, मग मुलं शोधली जातात, आणि एखादं मूल रडायला लागलं की "आता फोन कुणाला करायचा?" अशी धावाधाव होते. मुलाला "जगू नये असं वाटतं का?" विचारायचं, ते "हो" म्हणालं की कागदावर खूण करायची आणि पुढच्या कोपीकडे वळायचं, असलं संशोधन न केलेलं बरं. म्हणून पहिली पायरी प्रश्नावलीची नाही.

मदतीची वाट आधी बांधा

एका कागदावर, पाठपोट, आपल्या तालुक्यापुरती माहिती लिहून काढा. चार नंबर कायमचे: १४४१६ म्हणजे टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. १०९८ म्हणजे मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन. आणि तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८. त्याखाली आपल्या भागातलं लिहा: जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत असते. सातारा जिल्ह्यासाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीकडे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयात कधी येतं, तेही विचारून घ्या. शेवटी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि जवळचं पोलीस ठाणं.

कागद तयार झाला म्हणजे वाट तयार झाली असं नाही. त्यावरचा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, तोही रविवारी संध्याकाळी सात वाजता. सोमवारी अकरा वाजता सगळेच फोन उचलतात. ओपीडीला एकदा स्वतः जाऊन या: केसपेपर कुठं निघतो, लहान मुलाला कोणत्या खोलीत पाठवतात, आधार कार्ड नसेल तर काय करतात, हे पाहून ठेवा. आपल्याला तिथं वाट सापडली नाही, तर पहिल्यांदाच सांगली बघणाऱ्या आईला ती सापडेल असं धरू नका.

मग खर्चाचं गणित. जतहून सांगली ऐंशी किलोमीटरच्या वर आहे. जाण्या-येण्यात दिवस जातो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई मुलाला घेऊन दवाखान्यात गेली की त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि तो बहुतेक उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशोबात चढतो. "आईबापांना मुलाचं काही पडलेलं नाही" असा शेरा नवे कार्यकर्ते पटकन मारतात. त्यांनी आधी खाड्याचा दर विचारावा. प्रकल्पाच्या बजेटात प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी धरा. ते जमत नसेल तर पहिली भेट टेली-मानसच्या फोनवर आणि पुढची गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात, अशी आखणी करा.

किती मुलांची तयारी ठेवायची? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. तळावर त्या वयाची साठ मुलं असतील तर चार-पाच जणांना तज्ज्ञाकडे न्यावं लागेल, हे किमान. हा आकडा सर्वसाधारण मुलांचा आहे. शाळा सुटलेल्या, कोपीत राहणाऱ्या मुलांसाठी त्याहून जास्तच धरा. या चार-पाच जणांना न्यायला माणूस आणि पैसा नसेल तर साठ मुलांचा सर्वे करू नका, वीस मुलांचा करा.

परवानग्या: जुलैत सुरुवात, नोव्हेंबरात काम

संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत सात ते पंधरा सदस्य असतात. त्यात कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. अर्जासोबत प्रश्नावली, मराठीतलं संमतिपत्र आणि "मूल अस्वस्थ झालं तर काय करणार" याची लेखी पद्धत द्यावी लागते. वरचा पाठपोट कागद इथं कामाला येतो. समिती शंका काढते, आपण दुरुस्ती करतो, पुन्हा बैठक. दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून हंगामात काम करायचं तर अर्ज जुलैत गेला पाहिजे. ऑक्टोबरात अर्ज केलेल्यांना मंजुरी मिळेपर्यंत अर्धा हंगाम निघून गेलेला असतो.

शाळेत काम असेल तर मुख्याध्यापक आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. बालगृहात महिला व बालविकास विभागाची परवानगी लागते. तिथली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशानं ठेवलेली असतात, त्यामुळे अधीक्षकांचं "या की" पुरेसं नाही.

तळावर कारखान्याच्या शेती विभागाला आणि चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला) कळवा, जमीन शेतकऱ्याची असेल तर त्याला विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. राहिला मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार. त्याच्याशी बोलल्याशिवाय तळावर पाय ठेवता येत नाही हे खरं, पण त्याची परवानगी फक्त आत येण्यापुरती आहे. टोळीनं त्याच्याकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे तो समोर उभा असताना आईबाप "नको" म्हणू शकत नाहीत. त्याच्यासमोर घेतलेल्या सह्या-अंगठ्यांना संमती म्हणू नका.

आईबापांची संमती, मुलाचा होकार

अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकाची संमती हवी. शिवाय मुलाचा स्वतःचा होकार हवा: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. पालक "हो" म्हणाले आणि मूल "नको" म्हणालं, तर विषय तिथंच संपला.

पालकांना लिहिता-वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवा, अंगठा घ्या, आणि बाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार आपल्या पथकातला नको, मुकादमाचा माणूस नको. अंगणवाडी सेविका किंवा आशा ताई चालतील. वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे मान हलवतात. असं विचारा: "ताई, आम्ही काय करणार आहोत ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." उत्तर "कायतरी योजना मिळणार हाय" असं आलं, तर पुन्हा पहिल्यापासून. वही-पेन हातात, गळ्यात ओळखपत्र, म्हणजे सरकारी माणूस आणि यादीत नाव आलं की पैसे, हा समज तळावर पक्का असतो. तो काढल्याशिवाय घेतलेली माहिती वाकडीच येते: काही जण दुःख वाढवून सांगतात, काही सगळं झाकतात.

मुलाला सांगायचं ते इतकंच: "मी तुला काही प्रश्न विचारणार आहे. बरोबर-चूक असं काही नाही. नको वाटलं तर मध्येच थांबायचं, कुणी रागावणार नाही. तू सांगशील ते मी तुझ्या नावानं कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देतंय किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. ती घेण्याआधी मी तुला सांगेन." शेवटची दोन वाक्यं गाळण्याचा मोह होतो, कारण ती ऐकून काही मुलं गप्प होतात. गाळू नका. गुप्ततेचं वचन देऊन ते मोडण्यापेक्षा मूल गप्प राहिलेलं परवडतं.

मुलं तोंडानं "नको" क्वचितच म्हणतात. जमिनीवर काडीनं रेघोट्या मारणं, प्रत्येक प्रश्नाला "हां" म्हणणं, पाण्याची घागर आठवणं, "आई बोलावतीय" म्हणून उठणं हे सगळे नकार आहेत.

मोबदला उत्तरावर ठेवू नका. द्यायचंच तर सगळ्या तळाला द्या: एक व्हॉलीबॉल, पाटी-खडूंचा डबा. भाग घेतलेल्यालाच बिस्किटाचा पुडा दिला, तर होकार बिस्किटाला मिळतो.

प्रत्यक्ष बोलणं

तोडणीला जाणारी माणसं पहाटे चार-पाचला निघतात, गाडी भरायला कधी रात्र होते. मुलांना मोकळा वेळ दिवसा असतो, पालकांची संमती मिळते संध्याकाळी. म्हणजे एका मुलासाठी दोन फेऱ्या. फक्त संध्याकाळी गेलात तर भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मुली तुमच्या नमुन्यातून गळतात. आणि ज्यांच्यावर भार जास्त, त्याच गळतात. दुपारी दोन ते चार ही मुलींसाठी त्यातल्या त्यात बरी वेळ.

तेव्हाही मुलगी एकटी नसते. अकरा वर्षांची पोर, कडेवर दहा महिन्यांचं भावंड, तोंडात पदराचं टोक. ती तुमच्या प्रश्नाकडे कान देईल आणि डोळे बाळाच्या हाताकडे, कारण ते चुलीतल्या राखेकडे झेपावतंय. अशा वेळी दोघांनी जा. एकानं बाळाला खेळवायचं, पण तिला दिसेल अशा अंतरावर. बाळ नजरेआड झालं की ती उठणार. एका बैठकीला पंधरा मिनिटं, फार तर वीस. उरलेलं उद्या.

जागा अशी निवडा की लोकांना तुम्ही दिसाल, पण ऐकू येणार नाही. बैलगाडीच्या पलीकडे, हातपंपापासून थोडं दूर. कोपीच्या आत बसू नका. बंद जागेत परक्या माणसाजवळ बसलेल्या मुलीबद्दल तळावर जे बोललं जातं, त्याचा त्रास तिलाच होतो.

शब्द त्यांचे घ्या. "डिप्रेशन आहे का?", "चिंता वाटते का?" याला काही अर्थ नाही. करमत नाही, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, डोकं जड होतंय, कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतंय, नुसता राग येतो, असं मुलं बोलतात. पोटदुखी आणि डोकेदुखीची तक्रार या वयात फार असते. ती "मनाची" ठरवण्याआधी ताप, जंत, रक्तक्षय, पाणी यांची तपासणी होऊ द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तर निम्मी पोटदुखी तिथंच निकालात निघते. जतच्या सीमेवरची काही मुलं घरी कन्नड बोलतात. दुभाष्या लागला तर तो टोळीतला किंवा थोरला भाऊ नको.

"बाहेरचं झालंय", "अंगात येतंय" असं पालक म्हणाले तर हसू नका, वादही घालू नका. "कुणाकडे नेलं होतं? काय केलं? त्यानं फरक पडला का?" एवढं विचारा आणि "तिकडचं असू दे, डॉक्टरांनाही दाखवू" इथपर्यंत या. मात्र मुलाला चटके दिले, बांधून ठेवलं, उपाशी ठेवलं असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न राहत नाही, तिथून पुढे बालसंरक्षणाची वाट.

बाप पितो ही माहिती मुलं बहुतेक आपणहून देतात. त्यावर मुलाचं समुपदेशन करत बसण्यापेक्षा बापाला उपचारापर्यंत नेता आलं तर जास्त फरक पडतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. असे पत्तेही त्या पाठपोट कागदावर हवेत.

मोजमाप: एसडीक्यू कशी वापरायची

नव्यानं काम करणाऱ्यांच्या हातात बहुधा एसडीक्यू (Strengths and Difficulties Questionnaire) नावाची, मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी चाचपणारी प्रश्नावली येते. पंचवीस विधानं, पाच-पाचचे पाच गट: भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, चंचलपणा, सवंगड्यांशी अडचणी, आणि चांगुलपणा. प्रत्येक विधानाला "खरं नाही", "थोडंसं खरं", "अगदी खरं" अशी उत्तरं, गुण ० ते २. पहिल्या चार गटांची बेरीज म्हणजे एकूण अडचणी, ० ते ४०. चांगुलपणाचा गट या बेरजेत धरत नाहीत. पालक आणि शिक्षकांसाठी वेगळे फॉर्म असतात, आणि ११ ते १७ वर्षांची मुलं स्वतः भरू शकतात. भाषांतर स्वतः करू नका, अधिकृतच वापरा. एक शब्द बदलला की गुण दुसऱ्या कुणाच्या गुणांशी ताडता येत नाहीत.

चुका ठरलेल्या जागी होतात. ७, ११, १४, २१ आणि २५ ही विधानं उलटी आहेत: त्यात "अगदी खरं" म्हणजे ०. एक्सेलमध्ये हे उलटं करायला विसरलं की शहाणी, मित्र असलेली मुलं आजारी दिसतात. "थोडंसं खरं"ला मात्र सगळीकडे १. एका गटातल्या पाचपैकी किमान तीन उत्तरं असतील तर उरलेली सरासरीनं भरता येतात. त्याहून कमी असतील तर तो गट मोजू नका.

मूळच्या पट्ट्या अशा: मुलानं स्वतः भरलेल्या फॉर्मात १५ पर्यंत ठीक, १६ ते १९ सीमेवर, २० पासून पुढे जास्त. पालकांच्या फॉर्मात १३ पर्यंत, १४ ते १६, आणि १७ पासून पुढे. शिक्षकांच्या फॉर्मात ११ पर्यंत, १२ ते १५, आणि १६ पासून पुढे. तिन्हींची सरमिसळ करू नका. आणि या पट्ट्या ब्रिटनमधल्या मुलांवरून आखलेल्या आहेत हे विसरू नका. त्यावरून "तळावरची इतकी टक्के मुलं मनोरुग्ण" असा मथळा काढणं चूक आहे. या प्रश्नावलीनं निदान होत नाही, कुणाशी आणखी बोलायला हवं एवढंच कळतं.

एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीचे स्वतःच्या फॉर्मात १८ गुण आले, असं धरा. सीमेवरचे. फाइल बंद करण्याआधी पुरवणीचे प्रश्न बघा: या त्रासामुळे घरी, मैत्रिणींत, शिकण्यात, खेळण्यात किती अडचण येते? तिथं "फार" असेल आणि त्रास वर्षभराचा असेल, तर तिला २१ गुणांच्या पण मजेत खेळणाऱ्या मुलाच्या आधी डॉक्टरांकडे न्या. ही पुरवणी बरेच जण "वेळ वाचवायला" गाळतात. गाळायचंच असेल तर दुसरं काहीतरी गाळा.

एसडीक्यू मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते. जानेवारीत तळावर भरलेला फॉर्म म्हणजे अर्धा गावाकडचा आणि अर्धा तळावरचा काळ. टोळी कोणत्या तारखेला आली ते प्रत्येक फॉर्मावर लिहा, नाहीतर पुढे काहीच सांगता येत नाही. कृष्णाकाठच्या गावांतही हेच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ते पाहिलेली मुलं आता मोठी झाली आहेत. पाणी चढत असताना घेतलेली मोजणी आणि मार्चमधली मोजणी एकाच तक्त्यात ठेवली, तर फरक मुलांचा की पाण्याचा, हे कुणाला कळणार नाही.

मोठ्या मुलांसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली किंवा तिचं किशोरवयीन रूप वापरत असाल तर नववा प्रश्न वेगळा हाताळा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म गोळा करून पिशवीत टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजात बसून डेटा भरायचा, ही नेहमीची रीत इथं धोक्याची आहे. तळ सोडण्याआधी प्रत्येक फॉर्मातला नववा प्रश्न वाचा. उत्तर शून्याखेरीज काहीही असेल, तर त्या मुलाशी त्याच दिवशी बोलल्याशिवाय परत फिरू नका.

"जगू नये वाटतं" असं मूल म्हणालं तर

सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. "मरावं असं मनात येतं का? कधीपासून? कसं करायचं असं काही ठरवलंयस का? याआधी कधी तसं केलं होतंस?" ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. विश्वासातलं मोठं माणूस बोलावून घ्या, १४४१६ लावा, जिवाला धोका दिसला तर १०८ किंवा ११२, आणि तुम्ही स्वतः दवाखान्यापर्यंत सोबत जा.

साधन दूर करणं हे सर्वांत उपयोगी काम आहे आणि त्याला पदवी लागत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घराच्या पडवीत, कधी पलंगाखाली असतात. तळावर तणनाशकाचा कॅन कोपीला टेकलेला दिसतो. औषधं कुलपाच्या पेटीत, पेटी घराबाहेर, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. त्या घरात तुम्ही असतानाच हे करून घ्या, "करतो नंतर" वर सोडू नका.

पालक दवाखान्यात न्यायला घाबरतात, कारण "पोलीस केस होईल". त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि त्यासाठी तिला शिक्षा होत नाही.

छळ, अत्याचार, बालविवाह

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा शंका आली, तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संशोधक आहे, विद्यार्थी आहे, गाईडना विचारतो, हे चालत नाही. न कळवणं हा गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मुलाला खोदून विचारू नका. ते जेवढं सांगतं तेवढं त्याच्याच शब्दांत, वेळ-तारखेसह लिहा. "म्हणजे त्यानं असं केलं का?" अशी उत्तरं सुचवू नका, पुढे कोर्टात मुलाचा जबाब त्यामुळेच लंगडा पडतो. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं पुरे. मग पुढं काय होईल ते मुलाला सांगून कळवा. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. १०९८ ला फोन केला तर तिथून पुढची दिशा मिळते.

हंगामावर निघण्याआधी किंवा परतल्यावर मुलीचं लग्न उरकण्याची घाई असते. अठराच्या आत ते बेकायदा आहे, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक असतात. ही माहिती मुलीला द्या, आईलाही द्या.

फोटो काढू नका. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि चेहरा धूसर केला तरी मागची कोपी, बैलजोडी, ट्रॅक्टरचा नंबर ओळखू येतो. संस्थेच्या स्टेटसला टाकलेला फोटो हीसुद्धा प्रसिद्धीच.

आपण स्वतः काय देऊ शकतो

बरीच मुलं डॉक्टरांकडे न्यावीत इतकी त्रासात नसतात, पण त्यांना सोबत हवी असते. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर बिगरतज्ज्ञ माणूस चार-पाच बैठकांत समस्या सोडवण्याची पद्धत शिकवू शकतो. दिल्लीच्या सरकारी शाळांत 'संगाथ' संस्थेच्या चाचणीत साध्या समुपदेशकांकडून हेच करवून पाहिलं होतं. पायऱ्या तीन: अडचण नेमकी करा, पर्याय काढा, एक करून बघा. "शाळेत मन लागत नाही" ही अडचण नेमकी नाही. "जेवणाच्या सुट्टीत दोन मुलं मला तोड्याचा म्हणून चिडवतात" ही आहे. पर्याय मुलानंच काढायचे, अगदी "त्याला हाणायचं" हासुद्धा यादीत येऊ द्या. मग प्रत्येकानं काय होईल ते बोला, एक निवडा, चार दिवसांनी काय झालं ते विचारा. नव्या कार्यकर्त्याची हमखास चूक म्हणजे दुसऱ्या मिनिटाला सल्ला. मुलानं एक पर्याय काढेपर्यंत गप्प बसायला शिका.

शिक्षकांवर हे काम लादण्याआधी थोडं थांबा. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत 'सेहर' या शालेय आरोग्य कार्यक्रमाची चाचणी झाली. तिथं एकच कार्यक्रम वेगळ्या नेमलेल्या कार्यकर्त्यांनी राबवला तेव्हा शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी राबवला तेव्हा फरक दिसला नाही. सकाळी गणित, दुपारी पोषण आहाराचा हिशोब, मधेच निवडणुकीचं काम, त्यात समुपदेशन कसं बसणार?

पुरानंतर किंवा अपघातानंतर लगेच गेलात तर मुलांना घडलेलं पुन्हा सांगायला लावू नका. "पुराचं चित्र काढा" हा उपक्रम पाहुण्यांना आवडतो, मुलांना नाही. बघा, ऐका, जोडून द्या, इतकंच करा: कुणाला लगेच मदत हवी ते बघा, जे सांगेल त्याचं ऐका, आणि अन्न, घरचे लोक, दवाखाना यांच्याशी जोडून द्या. झोपेची, खेळाची, शाळेची वेळ पुन्हा बसवणं हा त्या दिवसांतला मोठा उपचार.

कागदपत्रांचं कामही मनाचंच काम आहे. आई किंवा वडील नसलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रकावर तळाजवळच्या शाळेत बसता येतं. वर्गात बसायला जागा मिळाली की निम्मी चिडचिड जाते असं मूल प्रत्येक तळावर सापडतं.

पट्टा पडण्याआधी

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळी एका रात्रीत निघून जाते. त्याआधी दोन आठवडे निरोपाचं काम सुरू करा. उपचार सुरू असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक पत्र: काय त्रास होता, काय केलं, कोणती औषधं, पुढची तपासणी कधी. एक प्रत आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत, एक गावाकडच्या आरोग्य केंद्रासाठी. मोबाइल नंबर हंगामाबरोबर बदलतात, म्हणून गाव, तालुका, शाळा आणि गावातल्या एका नातेवाइकाचं नाव लिहून घ्या. १४४१६ गावाकडेही लागतो, तो आईच्या फोनमध्ये सेव्ह करून एकदा लावून दाखवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आईला आणि मुलाला दोघांना सांगा.

काय आढळलं ते तळाला सांगून जा, नावं न घेता, पंधरा मिनिटांत: किती मुलांना झोप लागत नव्हती, कशाची भीती वाटते म्हणाली, काय करता येईल. मुकादमाला आणि शेती विभागालाही हेच सांगा; पाळणाघराची सोय, रात्रीचा दिवा, मुलींसाठी संडास या मागण्या त्यांच्यापुढे आकड्यांसकट ठेवता येतात.

फॉर्मांवर नाव नको, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या कपाटात, किल्ली एकाकडे. फॉर्मांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, "गाईडना दाखवायला" सुद्धा नाही. नैतिकता समितीला जी मुदत लिहून दिलीय ती संपली की यादी फाडा, नष्ट केल्याची तारीख नोंदवहीत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.